समायोज्य पाना आणि खिशातील बहुहत्यार

हत्यारांचे ओझे कमी करण्याच्या गरजेतून ही दोन हात-हत्यारे निर्माण झाली. समायोज्य पान्याचा एक जबडा दांड्याशी अखंड असतो व दुसरा मळसूत्री चाकाने सरकविता येतो. त्यामुळे नट वा बोल्ट फिरविण्याचे एकच काम अनेक मापांसाठी करता येते. बहुहत्यारात पक्कड, चाकू, पेचकस, कानस इ. एकाच मुठीत घडी करून बसविलेली असतात. त्याने अनेक कामे होतात. मात्र प्रत्येक काम मर्यादित जोराचे असते. बोलीभाषेत त्यांना अनुक्रमे ‘ॲडजस्टेबल पाना’ व ‘मल्टिटूल’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नट व आटे यांची मापे कारखान्यागणिक वेगळी असत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले. त्याच वर्षी अमेरिकेत लोरिंग कोज यांनी मळसूत्राने जबडा सरकविणाऱ्या पान्याचे एकस्व (पेटंट) घेतले. आज रूढ असलेली रचना मुख्यतः योहान पेटर योहान्सन (१८५३–१९४३) या स्वीडिश संशोधकांच्या १८९२ मधील एकस्वावर आधारलेली आहे.

खिशातील हत्याराचा उगम सैनिकी गरजेत आहे. नवी बंदूक खोलता यावी व अन्नाचे डबे उघडता यावेत, यासाठी स्विस सैन्याने १८९१ मध्ये पाते, पेचकस, टोच्या व डबा उघडण्याचे पाते असलेला चाकू स्वीकारला. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. या चाकूंत पक्कड नव्हती. टिमथी लेदरमन या अमेरिकन अभियंत्यांना १९७५ मधील यूरोपच्या प्रवासात जुनी मोटार दुरुस्त करताना ही उणीव जाणवली. पक्कड हाच गाभा असलेले त्यांचे हत्यार १९८३ मध्ये विक्रीस आले.

दोहोंमधील मुख्य फरक पिळाचा आहे. जोर तेवढाच ठेवून तरफेची लांबी दुप्पट केली, की पीळ दुप्पट होतो. सु. १० सेंमी. लांबीची घडी होणारे बहुहत्यार त्यामुळे लांब दांड्याच्या पान्याची बरोबरी करू शकत नाही. शिवाय पकडीचे दाते नटाचे कोपरे झिजवितात. समायोज्य पानाही षट्‌कोनी नटाच्या दोनच समांतर बाजू धरतो. त्याचे जबडे नटावर घट्ट बसवून मुख्य भार अखंड जबड्यावर येईल अशा रीतीने तो ओढावा लागतो. तसे न केल्यास पाना निसटून बोटांना इजा होते.

भारतात वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला. तरी इंची मापांची जुनी यंत्रे पुढेही वापरात राहिली. अर्धा इंच म्हणजे १२·७ मिमी.; अशा नटावर १३ मिमी.चा पाना ०·३ मिमी. सैल बसतो. अशा ठिकाणी समायोज्य पाना उपयोगी पडतो. नासिकमधील सातपूर येथे कारखाना असलेल्या टापरिया टूल्स या कंपनीने स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये हात-हत्यारांचे उत्पादन सुरू केले.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) या परिसरात अभियांत्रिकी व वाहन उद्योग वाढले आणि पुढे चाकणपर्यंत पसरले. मोठ्या वाहन कारखान्यांच्या जुळणी-साखळीवर नटाचे माप व पीळ आधीच ठरलेले असतात. तेथे हवेवर किंवा विजेवर चालणारी, ठरावीक पिळाला थांबणारी हत्यारे वापरतात. समायोज्य पान्याला तेथे फारसे स्थान नसते. पवना नदीकाठच्या काळेवाडीसारख्या वस्तीत मात्र जुनी वाहने, पाण्याचे पंप व नळजोडण्या यांची दुरुस्ती करणाऱ्याला पुढचा नट कोणत्या मापाचा निघेल, हे आधी ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने कोपरे झिजलेला नट म्हणजे वाया गेलेला वेळ व अंगावर पडलेला खर्च होय.

म्हणून ही दोन हत्यारे परस्परांना पर्याय ठरत नाहीत. माप अनिश्चित असेल तेथे समायोज्य पाना, काम अनिश्चित असेल तेथे बहुहत्यार आणि दोन्ही निश्चित असतील तेथे नेमक्या मापाचा पाना योग्य होय.