थोरोट्रास्ट: आत गेलं ते गेलंच

कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन करायला गेलात की आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात. कारण साधं आहे. ते आयोडीनवालं औषध मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्स्टॉल करण्याआधी अनइन्स्टॉल होतंय ना ते बघून घ्यायचं. एके काळी मात्र याच्या बरोब्बर उलट वागणारं औषध जगभर टोचलं जात होतं. आजची गोष्ट त्याचीच.

राँटगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. हाडं झकास दिसायची, रक्तवाहिन्या काही केल्या दिसायच्या नाहीत. जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात दोघांनी एका कापलेल्या हातात खडूसारखं मिश्रण भरून रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. पण हे जिवंत माणसाला कसं करणार? पोर्तुगालच्या एगास मोनीझने १९२७ मध्ये सोडियम आयोडाइड वापरून मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. (हाच तो लोबॉटमीवाला मोनीझ. १९४९ चं नोबेल त्याला कशासाठी मिळालं हा वेगळ्या लेखाचा विषय, असो.) रुग्णाला मात्र या आयोडाइडचा त्रास व्हायचा.

मग आलं थोरोट्रास्ट, म्हणजे थोरियम डायऑक्साइडचं कोलॉइड. थोरियमचा अणुक्रमांक ९०, आयोडीनचा ५३, त्यामुळे फोटो एकदम सुस्पष्ट. टोचताना दुखत नाही, उलटी नाही, रिॲक्शन नाही. मोनीझही १९३१ पासून हेच वापरायला लागला. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं!

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं का? चांगलंच ठाऊक होतं. घड्याळाच्या तबकड्यांना रेडियम लावणाऱ्या अमेरिकन मुलींचा खटला १९२८ मध्येच गाजला होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९३२ मध्ये थोरोट्रास्टबद्दल इशाराही दिला होता. पण युक्तिवाद असा, की मात्रा थोडी आणि किरणोत्सर्ग क्षीण. बाहेरून बघितलं तर खरंच होतं ते. अल्फा कण कागदानेही अडतो.

गोम इथेच आहे. हे कण शरीर बाहेर टाकत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि तिथेच धरून बसतात. मग अडवायला कागदही नाही, लगतची पेशीच तो मारा खाते. आणि थोरियम-२३२ चं अर्धायुष्य किती? सुमारे १४०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी! म्हणजे माणसाच्या हिशेबात हा मारा थांबतच नाही. कित्येक वर्षांनी साधा एक्स-रे काढला तरी त्या रुग्णांचं यकृत आणि प्लीहा फोटोत पांढरंशुभ्र उठून दिसायचं.

यकृतातल्या गाठीची पहिली नोंद १९४७ ची. पण कर्करोग दिसायला सहसा वीस-तीस वर्षं लागायची, म्हणून सुरुवातीची वर्षं सगळं आलबेल वाटलं. १९५० च्या दशकात वापर बंद पडला. तोवर लाखो लोकांना ते देऊन झालं होतं, आणि काढून घ्यायचा उपाय नव्हता. मला सगळ्यात चटका लावून जातं ते हे, की यातले कितीतरी जण फक्त तपासणीसाठी गेले होते. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथे पुढे अशा लोकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा झाला. एकट्या जर्मन अभ्यासात सुमारे २३०० जण होते. अल्फा किरणांनी यकृताचं काय होतं याबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं याच लोकांकडून आलंय.

आताची आयोडीनवाली औषधं मूत्रपिंडं ठीक असतील तर बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जातात. एमआरआयच्या गॅडोलिनियमची गोष्ट जरा वेगळी. ते किरणोत्सर्गी नाही. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्यांची त्वचा त्याने दगडासारखी घट्ट होते, हा संबंध लागला २००६ मध्ये. २०१४ मध्ये ते मेंदूत थोडं साठतं असंही दिसलं. त्या साठ्याने अपाय होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. तरीही युरोपने २०१७ मध्ये त्यातली सैल बांधणीची काही औषधं थांबवली, या वेळी वीस-तीस वर्षं वाट न बघता.