२६ ऑक्टोबर १९८५ : उलुरू मूळ मालकांच्या हाती

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटात उभ्या असलेल्या ३४८ मीटर उंचीच्या तांबड्या उलुरू खडकाची मालकी आजच्या दिवशी अनंगू आदिवासींना परत मिळाली. १८७३ मध्ये विल्यम गॉस या गोऱ्या मोजणीदाराने त्याचे नाव परस्पर ‘एअर्स रॉक’ करून टाकले. १९५८ मध्ये पर्यटनासाठी तो आदिवासींच्या राखीव क्षेत्रातूनच वगळला गेला. अखेर १९८५ मध्ये गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी पायथ्याशी मालकीची सनद दिली खरी. पण ठरलेल्या अटीप्रमाणे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यान लगोलग सरकारकडे! तरी व्यवस्थापन मंडळात बहुमत अनंगूंचे. खडकावर चढू नका, ही त्यांची विनवणी मात्र पुरती मानली गेली ती थेट २०१९ मध्ये, याच तारखेला. आदल्या दिवशी शेवटच्या चढाईसाठी पर्यटकांनी रांगा लावल्या, त्या लावल्याच.