जळकं ऑइल, रिकामे ड्रम, मुदत संपलेली औषधं : धंद्याच्या जागेवर किती दिवस ठेवता येतात? नियम काय सांगतात, वाचा

मेहकर : गॅरेजच्या मागं उभा असलेला काळा, तेलकट ड्रम मेहकर, डोणगाव, जानेफळ, कुठंही गेलं तरी दिसतो. ट्रॅक्टरचं, ट्रकचं, जीपचं ऑइल बदललं की जुनं त्यात ओतायचं आणि ड्रम भरला की भंगारवाल्याला नाहीतर मागेल त्याला द्यायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गॅरेजवाल्याच्या हिशोबात तो चार पैसे देणारा माल आहे. कायद्याच्या हिशोबात मात्र तो धोकादायक कचरा आहे. तो जागेवर किती दिवस ठेवायचा, कसा ठेवायचा आणि कोणाला द्यायचा, हे सगळं लेखी ठरलेलं आहे. धंदा करणाऱ्यानं हे समजून घ्यावंच, पण ज्याचं वावर किंवा विहीर अशा धंद्याला लागून आहे त्या कास्तकारानंही समजून घ्यावं. नुकसान बहुतेक वेळा त्याचंच होतं.

नियम कोणता?

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं ४ एप्रिल २०१६ रोजी ‘धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ काढले. ते पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली आहेत. राज्यात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. आपल्या भागासाठी मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय अकोल्याला आणि त्याच्यावरचं प्रादेशिक कार्यालय अमरावतीला आहे.

‘धोकादायक कचरा’ म्हटलं की लोकांना मोठमोठे केमिकलचे कारखाने आठवतात. पण नियमांच्या पहिल्याच अनुसूचीत वापरलेलं ऑइल आहे, ऑइलचा गाळ आहे, रसायनं भरलेले आणि आता रिकामे झालेले ड्रम-डबे आहेत, सांडपाणी शुद्ध करताना खाली बसणारा रासायनिक गाळ आहे. म्हणजे सर्व्हिसिंग सेंटर, ट्रकचं वर्कशॉप, क्रशर, मोठी जनरेटर, यंत्रं चालवणारा कारखाना, सगळे यात येतात.

काही कचऱ्याला वेगळे नियम आहेत, तेही सांगितलेलं बरं. दवाखान्याचा कचरा जैववैद्यकीय नियमांत जातो. तिथं रक्तानं माखलेला कापूस, शरीराचे भाग असला कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही. जुन्या बॅटऱ्यांना २०२२ चे बॅटरी नियम लागू आहेत, मोबाइल-टीव्ही-संगणकाच्या भंगाराला ई-कचऱ्याचे नियम.

९० दिवसांचं गणित

नियम ८ प्रमाणे धोकादायक कचरा जागेवर जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. तीन महिने, बस. त्याच्या आत तो परवानाधारक संस्थेकडं गेला पाहिजे.

यात सूट आहे. ज्याचा वर्षाचा कचरा १० टनांपर्यंत आहे अशा लहान धंद्याला मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. दहा टन म्हणजे किती? २०० लिटरच्या एका ड्रममध्ये साधारण पावणेदोन क्विंटल जुनं ऑइल मावतं, म्हणजे वर्षाला पंचावन्न-साठ ड्रम झाले. आपल्याकडचं साधं गॅरेज त्याच्या आसपासही जात नाही. त्यामुळं तालुक्यातले जवळजवळ सगळे लहान गटातच बसतील. पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायची : ही वाढ आपोआप मिळत नाही, मंडळाकडं मागावी लागते. ‘आमचा धंदा लहान आहे’ म्हणून ड्रम वर्षभर पडू दिला तर तो नियमभंगच.

मुदतीचा एवढा आग्रह का, याचं उत्तर भोपाळमध्ये आहे. १९८४ च्या वायुगळतीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला, पण आतला विषारी कचरा तिथंच राहिला. आज नेऊ, उद्या नेऊ, कोर्टकचेऱ्या, आणि अशात चाळीस वर्षं गेली. आजूबाजूच्या वस्त्यांचं जमिनीखालचं पाणी खराब झालं. शेवटी ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंदोबस्तात पिथमपूरला नेऊन जाळावा लागला. गॅरेजच्या एका ड्रमाची त्याच्याशी बरोबरी नाही, पण पडून राहिलेल्या कचऱ्याला कोणी वाली राहत नाही, हे दोन्हीकडं सारखंच आहे.

ठेवायचं कसं?

ड्रम गळका नको, झाकण घट्ट पाहिजे. तो उघड्या मातीवर नाही, सिमेंटच्या पक्क्या कोब्यावर ठेवायचा आणि वर छप्पर पाहिजे. भोवती वीतभर उंचीचा कठडा घातला तर ड्रम फुटला तरी ऑइल आतच राहतं. वेल्डिंगची जागा आणि विजेच्या ठिणग्या यांच्यापासून लांब. बॅटरीचं ॲसिड, ऑइल आणि थिनर एकात एक मिसळायचं नाही. पाणी मिसळलेलं किंवा इतर रसायन पडलेलं ऑइल रिफायनिंगला नीट चालत नाही, म्हणजे त्यात गॅरेजवाल्याचंही नुकसान. लाकडाचा भुसा आणि रेती जवळ ठेवावी, सांडलं की लगेच टाकता येते. मात्र तो तेलकट भुसा पुन्हा उकिरड्यावर जाणार नाही, तोही याच कचऱ्यात धरायचा.

ड्रमवर लेबल लावायचं, ते पावसात धुऊन जाणारं नको. त्याचा नमुना नियमांत फॉर्म ८ म्हणून दिलेला आहे. कचऱ्याचा प्रकार, साठवणुकीची तारीख, पाठवणारा आणि घेणारा यांची नावं, अडचणीत फोन कोणाला करायचा हे त्यावर येतं. पिवळ्या लेबलवर लाल अक्षरात ‘धोकादायक कचरा’ आणि ‘जपून हाताळा’ हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहायचं. तारीख नसली तर ९० दिवस कुठून मोजायचे? तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा हीच पाहणार.

कागद कोणते?

मंडळाचं अधिकारपत्र घ्यायचं, त्यासाठी अर्ज फॉर्म १ मध्ये करायचा. कचऱ्याची रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये ठेवायची. वर्षाचा हिशोब ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये मंडळाला द्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीनं एक सवलत आली आहे. ज्या उद्योगाला पाणी आणि हवा कायद्याखाली मंडळाचं संमतीपत्रच लागत नाही, त्याला हे अधिकारपत्रही लागत नाही. पण अट अशी, की कचरा परवानाधारकालाच दिला पाहिजे. आपला धंदा कोणत्या वर्गात बसतो हे ऐकीव माहितीवर ठरवू नये, अकोल्याच्या कार्यालयात लेखी विचारून उत्तर फाइलला लावून ठेवावं.

कोणाला द्यायचं, हा खरा मुद्दा

सगळ्यात जास्त नियम मोडतो तो इथं. नियम ४ सांगतो की असा कचरा फक्त परवाना असलेल्या वापरकर्त्याला किंवा विल्हेवाट केंद्राला द्यायचा किंवा विकायचा. रस्त्यानं फिरणारा भंगारवाला यात बसत नाही. त्याला विकलं म्हणजे जबाबदारी संपली, असंही नाही. त्यानं पुढं जाऊन ते पैनगंगेच्या नाल्यात ओतलं, तर सुरुवात कोणाच्या ड्रमापासून झाली हा प्रश्न येणारच.

रीतसर कचरा निघतो तेव्हा सोबत सात प्रतींची चिठ्ठी असते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. गाडीवाल्याची सही घेऊन पिवळी प्रत आपल्याजवळ ठेवायची. माल ठिकाणावर पोचून त्याची विल्हेवाट लागली की निळी प्रत परत आपल्याकडं येते. निळी प्रत आली नाही, तर चौकशी करायची. विदर्भात धोकादायक कचऱ्याचं मोठं केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. एकट्या गॅरेजला तिथवर दोन ड्रम पाठवणं परवडणार नाही हे उघड आहे. म्हणून चार-सहा जणांनी मिळून एकाच परवानाधारक संकलकाला बोलावणं हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग. १ एप्रिल २०२४ पासून वंगण ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. आपण ज्यांचं ऑइल विकतो त्या डीलरला ‘तुमचा नोंदणीकृत संकलक कोण?’ असं विचारायला हरकत नाही.

आणि आपल्या लोकांच्या सवयी? जळकं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, गाडीच्या आसाला लागतं, उधई लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला लागतं, वीटभट्टीतही जातं. डीपीचं ऑइल गुडघ्याला चोळणारेही कमी नाहीत. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये शिशासारखे जड धातू आणि कॅन्सरला कारण ठरणारे घटक उतरलेले असतात. ते कातडीतून आणि धुरातून अंगात जातात. रिकाम्या ड्रमाची गोष्ट त्याहून वाईट. कशाचा होता हे न विचारता तो स्वस्तात आणायचा, वरून कापायचा, आणि त्यात ढोरांना पाणी पाजायचं नाहीतर घरचं पाणी भरायचं. रसायनाचा ड्रम निरम्यानं धुतला म्हणून शुद्ध होत नाही.

कृषी केंद्रवाल्यांसाठी

मुदत संपलेल्या कीटकनाशकांना कीटकनाशक नियम, १९७१ लागू होतात. मुदत संपली की तो माल बाकीच्या मालातून लगेच बाजूला काढायचा, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा आणि वेगळ्या, आखलेल्या जागेत ‘मुदतबाह्य कीटकनाशक’ असा ठळक फलक लावून ठेवायचा. खाण्यापिण्याच्या वस्तू किंवा ढेप-सरकी जिथं विकतात किंवा साठवतात, त्याच इमारतीत शेतीची औषधं ठेवायला मनाई आहे. खेड्यात एकाच दुकानात साखर, ढेप आणि औषध दिसतं, ते या नियमात बसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ही औषधं काय करू शकतात हे विदर्भाला वेगळं सांगायला नको.

शेतकऱ्याच्या घरचे रिकामे डबेही यातच आले. डबा तीन वेळा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच टाकायचं, मग डब्याला भोकं पाडायची. धुऱ्यावर किंवा नाल्यात फेकायचा नाही, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब पुरायचा, असं नियम सांगतो.

नियम मोडला तर?

आधी या कायद्यात तुरुंगाची तरतूद होती. जनविश्वास कायद्यानं ती बदलली. १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि उल्लंघन चालूच राहिलं तर रोजचे १० हजार वेगळे. दंड भरला नाही, तर मात्र तुरुंगाची पाळी येऊ शकते. जागेवर गळती, आग किंवा अपघात झाला तर मंडळाला ताबडतोब फोन किंवा ई-मेलनं कळवून फॉर्म ११ मध्ये अहवाल द्यायचा असतो. लपवून ठेवणं हाही नियमभंगच. शिवाय नियम २३ प्रमाणे कचऱ्यामुळं पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं जे नुकसान होईल, त्याला कचरा निर्माण करणाराच जबाबदार.

तो तिसरा माणूस म्हणजे शेजारचा शेतकरी. आपला भाग काळ्या पाषाणाचा. वरून माती दिसते, पण खाली खडकाला भेगा असतात आणि पाणी त्या भेगांतूनच विहिरीत येतं. ऑइल त्यात एकदा शिरलं की उपसा करूनही लवकर सुटत नाही. पहिल्या पावसात उघड्या ड्रमात पाणी भरतं, ऑइल वर तरंगून बाहेर वाहतं. जून-जुलैमध्ये विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तवंग दिसली, रॉकेलसारखा वास आला, तर ते पाणी पिणं आणि ढोरांना पाजणं आधी बंद करावं. तारखेसह फोटो काढावेत, तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा, पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. तक्रार प्रदूषण मंडळाच्या अकोला कार्यालयात करावी, पोच घ्यावी, आणि एक प्रत तहसीलदारांना द्यावी.

तिथं दाद लागली नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज घटना पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो, नुसत्या वादाचा निवाडा हवा असेल तर मुदत सहा महिन्यांचीच आहे. म्हणून विहिरीत तवंग पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसली, ती तारीख वहीत लिहून ठेवावी.