आकृतिबद्ध छायाचित्रे

आकृतिबद्ध छायाचित्रे : छायाचित्राचा निवडक भाग लंबवर्तुळ, वर्तुळ, हृदय, कमळ, पिंपळपान, तारा, कमान अथवा अक्षर यांसारख्या आकृतीत बसवून व उरलेला भाग झाकून किंवा कापून तयार केलेल्या चित्रांना आकृतिबद्ध छायाचित्रे असे म्हणता येईल. लग्नपत्रिका, विवाहाचे अल्बम, दिवंगत व्यक्तींची स्मृतिचित्रे, दिनदर्शिका, मासिकांची मुखपृष्ठे व सार्वजनिक शुभेच्छाफलक यांत ती विशेषेकरून आढळतात. संगणकावरील चित्रसंपादनाच्या आज्ञावलींमुळे हे काम आज काही क्षणांत होत असले, तरी त्यामागील कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. [⟶ छायाचित्रण]. या प्रक्रियेला दोन अंगे आहेत. आकृतीमुळे चेहऱ्याला उठाव व मान मिळतो. त्याच वेळी त्या चेहऱ्याभोवतीचे घर, माणसे व वस्तू दृष्टीआड होतात. दुसऱ्या अंगामुळे हा विषय केवळ सजावटीचा न राहता कौटुंबिक व स्थानिक इतिहासाच्या साधनांशी निगडित होतो.

पूर्वपीठिका : व्यक्तिचित्राला विशिष्ट आकृतीत बसविण्याची प्रथा छायाचित्रणापूर्वीची आहे. नाण्यांवरील राजमुद्रा वर्तुळात कोरल्या जात. मोगल चित्रकलेत झरोक्यात बसलेल्या बादशहाचे चित्रण हा एक रूढ प्रकार होता. झरोक्याची चौकट ही तेथे दर्शन देणाऱ्याच्या अधिकाराची खूण असे. एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चित्रकार हस्तिदंताच्या लंबवर्तुळाकार पातळ पत्र्यांवर राजपुरुषांची लहान चित्रे रंगवीत व ती दागिन्यांत किंवा पेटीत बसविली जात. छायाचित्रकारांनी हाच वारसा उचलला.

१८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेर पद्धतीत प्रतिमा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. ही प्रतिमा इतकी नाजूक असे, की बोटाच्या स्पर्शानेही ती पुसली जाई. म्हणून पत्रा व वरची काच यांच्यामध्ये पितळेची पातळ चौकट घालीत आणि तिला मध्यभागी लंबवर्तुळाकार किंवा कमानदार खिडकी ठेवीत. म्हणजे आकृतीचे पहिले काम संरक्षणाचे होते. तिला आणखी एक तांत्रिक कारण होते. योझेफ पेट्सव्हाल यांनी १८४० मध्ये सिद्ध केलेल्या व्यक्तिचित्रणाच्या भिंगाने मध्यभाग सुस्पष्ट येई. परंतु कडांकडे प्रतिमा अस्पष्ट होत जाई. लंबवर्तुळामुळे चित्राचे सदोष कोपरे आपोआप झाकले जात. पुढे भिंगे सुधारली, गरज उरली नाही. पण लंबवर्तुळ मात्र प्रतिष्ठित व्यक्तिचित्राची खूण म्हणून टिकून राहिले.

काचपट्टी व कागद : १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. काचेवरील एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या व त्यामुळे छपाईच्या टप्प्यावर आकृती देणे शक्य झाले. यासाठी मुख्यतः दोन युक्त्या वापरीत. पहिलीत काळ्या कागदाला लंबवर्तुळाकार छिद्र पाडून तो निगेटिव्ह व संवेदनशील कागद यांच्यामध्ये ठेवीत. छिद्रातून प्रकाश गेलेला भागच उमटे. दुसरीत दातेरी कडांचे छिद्र असलेला पुठ्ठा निगेटिव्हपासून थोडा दूर धरीत. त्यामुळे कडेचा प्रकाश विखुरला जाऊन चेहरा पांढऱ्या कागदात हळूहळू विरत गेल्यासारखा दिसे.

पॅरिसच्या दिझदेरी यांनी १८५४ मध्ये भेटकार्डाच्या आकाराच्या लहान छायाचित्रांचे एकस्व घेतले. १८६० नंतर ती जगभर लोकप्रिय झाली आणि ती ठेवण्यासाठी खिडक्यांची पाने असलेले अल्बम निघाले. १८६४ मध्ये लंडनचे एफ. आर. विंडो यांनी एकाच कार्डावर एका व्यक्तीची चार लंबवर्तुळाकार छायाचित्रे छापण्याचा प्रकार रूढ करण्याचा प्रयत्न केला. याच काळात इंग्लंडमधील उच्चभ्रू स्त्रिया छायाचित्रांतील चेहरे कातरून ते जलरंगातील फुले, पंखे व पत्ते यांच्या चित्रांत चिकटवीत. आजच्या संगणकीय सजावटीचे बहुतेक नमुने या अल्बमांत बीजरूपाने सापडतात.

भारतातील प्रसार : मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यवसाय म्हणून छायाचित्रण केले. शहरातील शेटसावकार, वकील व संस्थानिक हे या व्यवसायाचे पहिले आश्रयदाते होते.

राजस्थानातील नाथद्वारा येथे या तंत्राला वेगळे वळण मिळाले. तेथील चित्रकार श्रीनाथजीच्या उत्सवाचे चित्र रंगवीत आणि देवाच्या दोहो बाजूंस उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाच्या शरीरांवर त्यांच्या छायाचित्रांतून कापलेले चेहरे चिकटवीत. यात्रेकरूंच्या दृष्टीने ही फसवणूक नव्हती. देवासमोरची उपस्थिती खरी मानली जाई व चेहरा तिची साक्ष देई. आकृतीत चेहरा बसविण्यामागील भारतीय मनोधारणा समजण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

मराठवाड्याची पार्श्वभूमी निराळी होती. भूम तालुक्यातील ईट व आसपासची गावे ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होती, तो जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २०२३ मध्ये त्याचे नाव धाराशिव असे झाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची चित्रशाळा सिकंदराबाद येथे होती. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली व तिची व्यवस्था एका ब्रिटिश स्त्रीकडे सोपविली. दरबार, अमीर-उमराव व सैन्याधिकारी यांच्यापर्यंत ही कला अशा रीतीने पोहोचली. खेड्यातील शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरात मात्र छायाचित्र शिरण्यास अनेक दशके जावी लागली, आणि आले तेव्हाही ते बहुधा एकच असे : लग्नातील किंवा एखाद्या जत्रेतील समूहचित्र.

या एकुलत्या एका चित्रामुळेच ग्रामीण भागात आकृतिबद्धतेला महत्त्व आले. घरातील व्यक्ती निवर्तल्यावर तिचे स्वतंत्र छायाचित्र नसेल, तर समूहचित्रातील तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करीत. हस्तकलाकार त्यावर पागोटे, फेटा, कुंकू किंवा पदर रंगवून पुरा करी आणि लंबवर्तुळात बसविलेले ते चित्र भिंतीवर हार घालून लावीत. जिला जिवंतपणी एकटीने छायाचित्रकारासमोर बसण्याचा प्रसंग कधी आला नाही, अशा स्त्रीला मृत्यूनंतर लंबवर्तुळाने स्वतंत्र स्थान दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुद्रणातील उपयोग : जाळीच्या पडद्यातून छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून धातूचा ब्लॉक करण्याची पद्धत १८८० नंतर व्यवहारात आली. छायाचित्र मजकुराबरोबर छापता येऊ लागल्याने नियतकालिकांचे रूप पालटले. पुढे चित्रपटनिर्माते म्हणून प्रसिद्धीस आलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे व रंगीत छपाई ही तिन्ही कामे आधी केली होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला व सचित्र विशेषांकांची परंपरा मराठीत रुजली. ब्लॉक करण्यापूर्वी कलाकार छायाचित्र कातरून जाड कागदावर चिकटवी, भोवती वेलबुट्टी काढी व सबंध मांडणीचे पुन्हा छायाचित्र घेतले जाई. भिंतीवरील रंगीत मुद्राचित्रांत भारतमातेच्या किंवा तिरंग्याच्या भोवती राष्ट्रीय पुढाऱ्यांचे चेहरे वर्तुळांत मांडण्याची रीतही अशीच रूढ झाली. मध्यभागी कोण आणि कडेला कोण, यावरून त्या चित्रामागील राजकीय भूमिका ओळखता येते.

विवाहाचे अल्बम : रंगीत फिल्मच्या प्रसारानंतर लग्नाच्या छायाचित्रणात 'मिक्सिंग' हा शब्द सर्वतोमुखी झाला. अंधाऱ्या खोलीत प्रवर्धकाखाली काळ्या कागदाचे मास्क ठेवून एकाच कागदावर दोन निगेटिव्ह क्रमाने छापीत : हृदयाच्या आकृतीत वधूचा चेहरा, तर बाहेर मंडप, किंवा गुलाबाच्या पाकळ्यांत वर व वधू. आकृतीची कड किंचित सरकली तरी कागद वाया जाई. त्यामुळे असे काम कुशल कारागिराकडेच असे व अल्बमात त्याची एकदोनच पाने असत. व्हिडिओ चित्रफितींच्या काळात हेच आकार मिक्सर यंत्राच्या कळा दाबून पडद्यावर येऊ लागले.

संगणकीय तंत्र : संगणकावर आकृतिबद्ध चित्र तयार होण्यास तीन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली, कोणतीही वक्र कड गणिताने मांडण्याची रीत. ती १९६० च्या सुमारास फ्रान्समधील मोटार कारखान्यांत पॉल द कास्तेल्झो व प्येर बेझ्ये यांनी विकसित केली. दुसरी, प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूच्या पारदर्शकतेची नोंद. ही कल्पना अमेरिकेत १९७७ च्या सुमारास एड कॅटमल व अॅल्व्ही रे स्मिथ यांनी मांडली आणि १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी तिचे गणित व्यवस्थित सूत्रबद्ध केले. तिसरी, सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यातील आज्ञावली. टॉमस नोल व जॉन नोल या बंधूंची फोटोशॉप ही आज्ञावली १९९० मध्ये बाजारात आली व १९९४ मधील तिच्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची सोय झाली. कोरल-ड्रॉ ही १९८९ मध्ये निघालेली आज्ञावली लग्नपत्रिका व फलक तयार करणाऱ्या भारतीय व्यावसायिकांत विशेष रुळली.

थरांच्या पद्धतीत एका थरावर आकृती, तर तिच्या वरच्या थरावर छायाचित्र ठेवतात आणि वरचा थर खालच्या आकृतीपुरताच दिसावा अशी आज्ञा देतात. मास्क वापरल्यास प्रत्येक बिंदूला ० ते २५५ यांमधील मूल्य दिले जाते : २५५ म्हणजे पूर्ण दृश्य, ० म्हणजे पूर्ण झाकलेला व १२८ म्हणजे जवळजवळ निम्मा पारदर्शक. कडेवर ही मूल्ये क्रमाक्रमाने उतरत गेली, की चेहरा पार्श्वभूमीत विरतो. दातेरी पुठ्ठ्याने प्रकाश विखुरणारा एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार हाच परिणाम साधत असे. त्याच्या हाताची जागा अंकांनी घेतली, एवढाच फरक.

एक महत्त्वाचा भेद मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. कात्रीने कापलेला भाग परत येत नाही. थरांच्या पद्धतीत झाकलेला भाग मूळ संचिकेत सुरक्षित असतो आणि मास्क काढताच पुन्हा दिसतो. पण हा लाभ थर जपले गेले तरच टिकतो. काम झाल्यावर थर एकत्र करून चित्र जेपेग स्वरूपात साठविले, की आकृतीबाहेरचा भाग त्या प्रतीतून कायमचा जातो. मूळ छायाचित्र दुकानाच्या संगणकातून पुसले गेले आणि ग्राहकाकडे केवळ सजविलेली प्रत उरली, तर परिणाम कात्रीसारखाच होतो.

सार्वजनिक फलक : एकविसाव्या शतकाच्या आरंभी शाईफवारणीच्या मोठ्या मुद्रणयंत्रांमुळे फ्लेक्सचे फलक स्वस्त झाले. वाढदिवस, निवडणूक, जयंती व श्रद्धांजली यांच्या फलकांवर चेहऱ्यांची उतरंड दिसू लागली : वरच्या पट्टीत महापुरुष, मध्ये उत्सवमूर्ती मोठ्या आकृतीत, खाली कार्यकर्ते लहान वर्तुळांत. कोणाचे वर्तुळ किती मोठे, हा गावच्या राजकारणात मानापमानाचा प्रश्न होतो. दुसरीकडे, ज्या समाजघटकांचे चेहरे पूर्वी कोणत्याही भिंतीवर नसत, त्यांना या स्वस्त माध्यमाने चौकात स्थान दिले, हेही नाकारता येत नाही. विनापरवाना फलकांस आळा घालण्यासाठी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाचा आधार घेतला जातो. मुंबई उच्च न्यायालयानेही असे फलक काढण्याबाबत वेळोवेळी आदेश दिले आहेत.

पुराव्याचे मूल्य : छायाचित्र पाहणाऱ्या आप्तांना चेहरा महत्त्वाचा वाटतो, इतिहासाच्या अभ्यासकाला चेहऱ्याइतकीच त्यामागची भिंत महत्त्वाची असते. घराचे दार, माळवद, भांडी, पोशाख, बैलगाडी, मंडपातील पंगतीची रचना, कडेला उभी असलेली अनोळखी माणसे या गोष्टी कोणी मुद्दाम टिपीत नाही. त्या पार्श्वभूमीतच शिल्लक राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवावी लागली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे यांचा तो जुना वास्तुप्रकार तेथून जवळजवळ नाहीसा झाला. अशा गावांतील घरांचे व गल्ल्यांचे रूप कळण्यास लग्नकार्यातील समूहचित्रांची पार्श्वभूमी हे एक मोलाचे साधन ठरते, आणि स्मृतिचित्रासाठी चेहरा कापून घेताना नेमके तेच टाकून दिले जाते. भूकंपाच्या टापूबाहेरील ईटसारख्या गावांतही सिमेंटच्या बांधकामाने जुनी घरे हटत असल्याने हा मुद्दा तितकाच लागू पडतो.

म्हणून अभिलेखनाच्या दृष्टीने काही साधे संकेत पाळणे इष्ट असते. जुने छायाचित्र कातरण्याऐवजी त्याची संपूर्ण अंकीय प्रत घ्यावी व सजावट त्या प्रतीवरच करावी. मूळ प्रत कडांसह व मागील मजकुरासह जपावी. चित्रातील व्यक्तींची नावे, गाव व प्रसंग यांची नोंद हयात जाणकारांकडून करून घ्यावी. व्यावसायिकाकडून सजविलेल्या चित्राबरोबर मूळ संचिकाही मागून घ्यावी. आकृतीने दिलेला मान आणि मूळ चित्राने राखलेली साक्ष या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जपणे महत्त्वाचे असते. संगणकीय तंत्राने ते सोपे केले आहे. मात्र मूळ चित्र जपण्याची काळजी ते वापरणाऱ्यानेच घ्यावी लागते.