मानेच्या वरच्या मणक्याचं फ्रॅक्चर: पट्टा की ऑपरेशन?



गेल्या पावसाळ्यात माझे 74 वर्षांचे मामा गोठ्यात घसरून पडले. कपाळाला खोक पडली आणि मान दुखत होती, बस्स. एक्स-रेत काही दिसलं नाही. "तालमीत नेऊन मान चोळून घ्या," असा सल्ला मिळाला. आमच्या कोल्हापुरात तो नवा नाही. नशीब, त्याआधी सीटी स्कॅन झाला आणि दुसरा मणका मोडल्याचं कळलं. मग एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, दुसरे म्हणाले पट्टा. दोघंही बरोबर कसे, ते समजून घेऊया.

नेमकं मोडतं काय?

मानेतला पहिला मणका (सी-1) अंगठीसारखा असतो. दुसऱ्या मणक्याचा (सी-2) दातासारखा खुंट त्या अंगठीत बसतो. 'नाही' म्हणताना अंगठी या खुंटाभोवती फिरते. मान वळते त्यातला जवळपास निम्मा भाग इथलाच. खुंटाच्या मागेच मज्जारज्जू असतो.

खुंटाच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार (अँडरसन-डी'अलोन्झो वर्गवारी, 1974)

- प्रकार 1: फक्त टोक तुटतं. क्वचित आढळतो, बहुधा पट्टा पुरतो.
- प्रकार 2: खुंट बुडाशी मोडतो. सर्वात जास्त आढळतो आणि जुळायला सर्वात अवघड.
- प्रकार 3: चीर मणक्याच्या जाड भागात जाते. तिथे हाडाला हाड भरपूर टेकतं, म्हणून बहुधा ऑपरेशनशिवाय जुळतं.

ऑपरेशनशिवाय

कडक पट्टा साधारण तीन महिने. दुसरा मार्ग हॅलो व्हेस्ट, म्हणजे कवटीला पिनांनी बसवलेली आणि छातीवरच्या जॅकेटला जोडलेली कडी. ती मान जास्त घट्ट धरते, पण म्हाताऱ्या माणसांना गिळायला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो.

ऑपरेशन

ताज्या फ्रॅक्चरमध्ये हाड चांगलं असेल तर समोरून खुंटात स्क्रू घालता येतो. मान वळणं बरंचसं टिकतं. नाहीतर मागून सी-1 आणि सी-2 एकत्र जखडतात. यासाठी आज जगभर वापरली जाणारी 'गोयल-हार्म्स' पद्धत मुळात मुंबईची: केईएम रुग्णालयाचे डॉ. अतुल गोयल यांनी प्लेट-स्क्रूची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या हार्म्स यांनी 2001 मध्ये प्लेटऐवजी रॉड वापरून तिचं सुधारित रूप मांडलं. पकड भक्कम मिळते, पण मान वळणं बरंच कमी होतं. शिवाय मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अगदी शेजारून जाते.

मग ठरवायचं कसं?

डॉक्टरांना हे विचारा: प्रकार कोणता? तुकडा किती सरकलाय? लिगामेंट शाबूत आहे का? हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का? वय, हाडं आणि फुफ्फुसं भूल झेपण्याइतकी ठीक आहेत का?

मामांचा प्रकार 2 होता, पण तुकडा फारसा सरकला नव्हता आणि दमा जुना. म्हणून पट्टा ठरला. तीन महिन्यांनी हाड पूर्ण जुळलं नव्हतं, तरी मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक-रेत ते जागचं हलत नव्हतं. त्या वयात तेवढं पुरे, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या तरुणाचाही प्रकार 2 च, पण तुकडा बराच सरकलेला. त्याचं ऑपरेशन झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पडल्यावर मान दुखत असेल तर चोळू नका, मोडून घेऊ नका. आधी मान स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा.