वाळू आपली, चुंबक परका

रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा विषय निघाला की आपण साठे मोजू लागतो. माझ्या मते ही मोजणी अपुरी आहे. चुंबकाचा इतिहास खाणींपेक्षा कारखान्यांत अधिक घडला.

१९६०च्या दशकात अमेरिकेत समेरियम-कोबाल्टचा ताकदवान चुंबक विकसित झाला. पण कोबाल्ट मोठ्या प्रमाणावर झाइरेमधून येई. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव भडकले. त्याच सुमारास जपानचे मासातो सागावा स्वस्त लोखंडाचा विचार करत होते. लोखंडाचे अणू फार जवळजवळ असल्याने असा चुंबक जमत नाही, हे त्यांनी ऐकले होते. मग मध्ये कार्बन किंवा बोरॉनचा लहान अणू घातला तर? त्यांच्या कंपनीला यात रस नव्हता. ते नोकरी सोडून सुमितोमो समूहातल्या कंपनीत गेले आणि १९८२ मध्ये नियोडिमियम-लोखंड-बोरॉनचा चुंबक बनवला. जनरल मोटर्सचे जॉन क्रोट त्याच काळात वेगळ्या वाटेने तिथेच पोचले.

पुढे जनरल मोटर्सने चुंबकांची आपली शाखा १९९५ मध्ये विकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. कालांतराने अमेरिकेतली यंत्रे चीनला गेली, कसबही गेले.

भारताचे काय? दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, हे १९०९ पासून ठाऊक आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० साली स्थापन झाली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला धास्ती भरली. वाळू होती, चुंबक नव्हता.

आता ग्राफीनची चर्चा आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. तो २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी वेगळा केला. चुंबकासाठी मिश्रधातूची बारीक भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत तापवतात. उष्णतेत चुंबक टिकावा म्हणून महागडे डिस्प्रोसियम घालतात. त्या भुकटीत अल्प ग्राफीन मिसळून कण बारीक राखता येतील का, हे संशोधक तपासत आहेत. सागावांच्या मनातला कार्बन असा दुसऱ्या दाराने परत आला आहे. मात्र कार्बन जास्त झाला तर तो नियोडिमियमशी संयोग पावतो आणि चुंबक दुबळा होतो.

किती घालायचे, कधी, कोणत्या तापमानाला, हे पुस्तकातून पुरते कळत नाही. भट्टीपुढे वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. ग्राफीनला जादूची कांडी समजून आपण पुन्हा फक्त कच्चा माल मोजत बसलो, तर १९०९ पासूनची गोष्ट तशीच पुढे चालू राहील. मला भीती वाटते ती याचीच.