गच्ची कोणाची?

फराळाचं ताट शेजारी पाठवण्याआधी 'त्यांच्याकडून गेल्या वर्षी काय आलं होतं?' असा हिशेब तुमच्याही घरात होतो ना? होत असेल, तर दोह्यात विसाव्या मजल्यावर राहूनही तुम्ही पक्के चाळकरी आहात.

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगायचं, तर चाळ म्हणजे लांबलचक गॅलरी, तिला लागून खोल्यांची रांग आणि टोकाला सगळ्यांत मिळून नळ आणि संडास. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि गावोगावहून आलेल्या माणसांसाठी चाळी वाढत गेल्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत भांडण लपत नाही आणि आजारपणही. म्हणून काल नळावर कडाकडा भांडलेली काकूच आज तुमच्या तापाला काढा घेऊन यायची.

१९५८ साली पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली आणि पुढे तिचा एकपात्री प्रयोगही गाजला. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव 'गच्चीसह झालीच पाहिजे'. तेव्हा महाराष्ट्रभर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा दुमदुमत होती. पुलंनी तिचा आवेश चाळीच्या गच्चीला बहाल केला आणि मराठी माणूस स्वतःलाच हसला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. 'गच्ची कोणाची?' हा वाद मात्र आजही सोसायट्यांच्या सभांत चालूच आहे.

पण ही झाली कारकुनांची चाळ. गिरणगावातली चाळ वेगळी होती. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर करत. ओळखीचं वाटतं? कतारमध्ये अशा माणसाला 'बॅचलर' म्हणतात, मग गावी त्याची बायको आणि दोन मुलं का असेनात! २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबवस्तीत कामगारांच्या सामूहिक निवासाला मनाई केली. त्यामुळे त्याची आणि तुमची गॅलरी कधी एक होतच नाही. भांडायलासुद्धा भेट होत नाही.

चाळीचं कौतुक करताना हेही आठवायला हवं की अनेक चाळींत खोली देताना आधी जात विचारली जाई. आपण इथे जात विचारत नाही. 'कुठल्या कंपनीत?' आणि 'कुठे राहता?' एवढंच विचारतो आणि उत्तर ऐकून खुर्ची पुढे करायची की नाही ते ठरवतो.

परदेशात मंडळ हीच आपली गच्ची. सूत्रसंचालन कोणाला मिळालं, पहिल्या रांगेत कोण बसलं, कोणाच्या चकल्या वातड झाल्या, यावर खुशाल भांडा. शेजारधर्मात तेवढं चालायचंच. फक्त यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना इंडस्ट्रियल एरियातल्या एखाद्या मराठी माणसाला फोन करा. शुक्रवारी त्याला सुट्टी आहे का ते विचारा आणि जमलं तर गाडीतून घेऊन या. आल्यावर त्याला तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. पुढच्या वर्षी चकल्या वातड झाल्याचं तोच तुम्हाला तोंडावर सांगेल. मग समजा, तो शेजारी झाला.